माणसाळण्याचे दिवस

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘शिकवण’ हा विषय दिला. शाळा आणि क्लासवर लिहिणारे पुष्कळ जण असणार, म्हणून मी वेगळ्याच विद्यार्थ्याकडे बघायचं ठरवलं. पुण्या-मुंबईत तर आहेच, पण सातारा, नाशिक, लातूरच्या नव्या वसाहतींमध्येही आता संध्याकाळी पट्टा हातात धरून फिरणारी माणसं दिसतात. कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की आठवडाभरात वाद सुरू होतो. एक म्हणतो, पहिल्यापासून धाक हवा. दुसरा म्हणतो, मारायचं नाही, खाऊ देऊन शिकवायचं. तिसरा म्हणतो, आमच्या गावी वाड्यात कुत्री वाढलीच की, त्यांना कुठं कुणी शिकवलं? या तिन्ही मतांची माणसं पिल्लांशी प्रत्यक्ष काय करतात, ते बघायला मी निघाले.

कोकरांच्या वाघरीत

पावसाळ्यात मेंढपाळ कोकणातून देशावर परतलेले असतात. पुरंदर आणि बारामतीच्या हद्दीवरच्या एका माळावर त्यांचा तळ पडला होता. मोठी मेंढरं चरायला गेलेली. तळावर दोन बाया, एक घोडी, चार कोंबड्या आणि वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेली कोकरं. त्या कोकरांच्या मधोमध दीड-दोन महिन्यांचं तांबूस पिल्लू झोपलं होतं, मान एका कोकराच्या पाठीवर टाकून. दुसरं कोकरू त्याचा कान चघळत होतं.

थोड्या वेळानं पिल्लू उठलं, अंग ताणलं आणि शेजारच्या कोकराची शेपटी तोंडात धरून ओढू लागलं. कोकरू ओरडलं. वाघरीबाहेर पडून राहिलेली थोरली कुत्री उभी राहिली. ती भुंकली नाही, धावलीही नाही. जाळीजवळ येऊन घशातल्या घशात गुरगुरली. पिल्लानं शेपटी सोडली, पोट वर करून पडलं, मग उठून कोकराचं तोंड चाटलं आणि पुन्हा त्यांच्यात जाऊन बसलं. थोरलीही आपल्या जागी परतली. सगळा प्रकार चहाचा घोट घेईपर्यंत आटोपला.

“ह्याला शिकवता कसं?” असं विचारल्यावर चुलीपुढच्या मावशींना हसू आलं. “त्याला कोण शिकवतंय? थोरलीच्या मागं हिंडतंय, तिचं बघून करतंय. पर बारकं असतानाच कोकरात टाकाय लागतं. मोठं झाल्यावर आणलं, तर मेंढरामागंच लागतं.”

मावशींनी सांगितलेली ही गोष्ट चार्ल्स डार्विननं 1833 साली दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वेमध्ये पाहिली होती. तिथले मेंढपाळ पिल्लाला फार लहानपणी आईपासून तोडत, दिवसातून तीन-चारदा मेंढीला पाजायला लावत आणि मेंढ्यांच्याच कोंडवाड्यात त्याच्यासाठी लोकरीचं अंथरूण करत. असं वाढलेलं कुत्रं माणूस जवळ नसतानाही कळप सोडत नसे. पुढे 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्यानं युरोप आणि तुर्कस्तानातून राखणीची पिल्लं अमेरिकेत नेऊन शेतकऱ्यांना दिली, त्यांच्या कामाचा गाभाही हाच होता. लहान वयात मेंढ्यांत राहिलेलं पिल्लू मेंढ्यांना आपली माणसं समजतं. त्याला राखण करायची आज्ञा द्यावी लागत नाही. आपल्यांजवळ राहायचं आणि परकं कुणी आलं की पुढं व्हायचं, एवढं ते करतं, आणि लांडग्याला रोखायला बहुधा तेवढं पुरतं.

पण तळावरचं जग गोंडस नाही. तिथं वेळप्रसंगी काठी बसते. मेंढरांमागं धावणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात लोढणं अडकवतात, म्हणजे पळताना ते पायात येतं. जे कुत्रं कोकराला दात लावतं, ते तळावर राहत नाही. कित्येक पिल्लं रोगानं, बिबट्यानं, रस्त्यावरच्या ट्रकनं जातात. म्हणून “गावाकडं कुत्र्यांना कुठं कुणी शिकवलं” या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच मिळालं. थोरल्या कुत्र्यांनी शिकवलं, लहान वयात शिकवलं, आणि जी शिकली नाहीत ती आपल्याला दिसायला उरली नाहीत.

कुंपणापलीकडची पिल्लं

मावशींचं “बारकं असतानाच” म्हणजे नेमकं कधी? अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1965 साली आलं. त्याच्या आधी, 1961 साली, त्याच संस्थेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. उंच कुंपणाच्या आवारात काही पिल्लं जन्मली आणि वाढली. त्यांना अन्न मिळे ते कुंपणातल्या भोकातून, माणूस दिसत नसे. त्यांतली काही पिल्लं वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा बाहेर काढून माणसांत ठेवली आणि परत आत सोडली. काहींना चौदा आठवड्यांपर्यंत बाहेर काढलंच नाही.

लहानपणी एकच आठवडा माणसांत राहिलेली पिल्लं पुढं माणसाजवळ येत. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं मात्र रानटी जनावरासारखी वागत. ती स्पॅनियल आणि बीगल जातीची होती, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरात राहिलेल्या कुळातली. तरीही त्यांचं माणसाळणं जन्मजात नव्हतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, अंगाखांद्यावर खेळलं, ते आपलं. पुढं भेटलं, ते संशयाचं.

आता आपल्या शहरांत काय चालतं ते पाहावं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. तरी पाच-सहा आठवड्यांची पिल्लं सर्रास विकली जातात, कारण तेव्हा ती जास्त गोजिरी दिसतात आणि विकणाऱ्याचा खाण्या-लशीचा खर्च वाचतो. म्हणजे भावंडांशी कुस्ती खेळत जोरात चावल्यावर काय होतं हे शिकण्याचे आठवडे बुडाले. घरी आल्यावर “सगळ्या लशी होईपर्यंत बाहेर काढू नका” असा सल्ला मिळतो. लशींचा शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपास. पार्व्होसारखा रोग पिल्लाचा जीव घेतो, तेव्हा सल्ला काळजीपोटीच असतो. पण दार उघडतं, तेव्हा माणसाळण्याचे दिवस संपलेले असतात. सहा महिन्यांनी तेच कुत्रं रिक्षाला भुंकतं, पाहुण्याला दात दाखवतं आणि मग ट्रेनरला फोन जातो.

यातून वाट आहे. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं 2008 सालीच सांगितलं की, पहिल्या लशीनंतर सात दिवसांनी, म्हणजे सात-आठ आठवड्यांच्या वयातच पिल्लांचं बाहेर मिसळणं सुरू करावं. जमिनीवर सोडायची भीती असेल, तर कडेवर घेऊन जावं. परकी कुत्री हागतात-मुततात तिथं टेकवू नये, एवढं पथ्य. एका पशुवैद्यकबाई आपल्याकडे येणाऱ्यांना सांगतात, “झोळीत घाला आणि भाजीच्या गल्लीच्या तोंडाशी दहा मिनिटं उभे राहा. छत्री, हेल्मेट, बुरखा, काठी टेकणारे आजोबा, पिंपं वाहणारा टेम्पो, सगळं बघू द्या. बघताना तोंडात काहीतरी चांगलं द्या.” असा खर्च नसलेला आणि इतका मोलाचा सल्ला मी या सगळ्या भटकंतीत दुसरा ऐकला नाही.

मैदानावरची साखळी

रविवारी सकाळी उपनगरातल्या एका मोकळ्या मैदानावर शिकवणी भरते. मी गेले तेव्हा सात-आठ महिन्यांची चार कुत्री होती आणि चौघांच्याही गळ्यात चोक चेन. कुत्रं पुढं खेचू लागलं की ट्रेनर “हील!” म्हणून साखळीला हिसका द्यायचा. साखळी आवळायची, कुत्रं मागं यायचं, साखळी सैल व्हायची. अर्ध्या तासात चारही कुत्री पायाला पाय लावून चालू लागली. मालक खूश होते. मीही हे नाकारणार नाही की पद्धत काम करते. ती टिकली, ती त्यामुळेच.

तिचं मूळ जुनं आहे. जर्मन पोलिसांच्या कुत्र्यांना तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट यांचं पुस्तक 1910 सालचं. दुसऱ्या महायुद्धानंतर विल्यम कोलर यांच्या 1962 च्या पुस्तकानं साखळीचा हिसका घरोघरी नेला. त्याला शास्त्राचा आधार वाटावा अशी एक कल्पनाही मिळाली, ती म्हणजे कळपात एक म्होरक्या असतो, तेव्हा मालकानं म्होरक्या व्हावं. तो ट्रेनरही मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही अल्फा नाही झालात, तर तो होणार.”

ही कल्पना आली रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या अभ्यासातून. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकानं ती जगभर पोचवली. पुढं मेक यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे जवळून पाहिले, आणि 1999 साली स्वतःच लिहिलं की मोकळा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथं लढून मिळवलेली गादी नसते. आपलं जुनं पुस्तक छापू नका, असं ते प्रकाशकाला सांगत राहिले. ज्यानं कल्पना पसरवली, त्यानंच ती मागं घेतली. मैदानावर ती अजून चालते आहे. आणि लांडग्यांबद्दल ती खरी ठरली असती, तरी दोन महिन्यांचं पिल्लू घराची सत्ता घ्यायला बघतंय असं मानायला काहीच आधार नाही.

धाकाची खरी अडचण हिशेबाची आहे. हिसका बसतो तेव्हा पिल्लाच्या समोर काय आहे, त्याच्याशी ते दुखणं जोडतं. समोर लहान मूल असेल, तर मुलाशी. गुरगुरल्याबद्दल मार बसला, तर ते गुरगुरणं सोडतं, पण भीती सोडत नाही. मग एक दिवस सूचना न देता चावतं आणि लोक म्हणतात, “कधी काही केलं नव्हतं हो यानं.” पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. धाकाच्या शाळांतली कुत्री शिकताना जास्त वेळा ओठ चाटत, जांभया देत, अंग चोरत. शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत ताणाचं संप्रेरक वाढलेलं सापडलं. सर्वांत कडक शाळांतली कुत्री तर, वाटीत खाऊ आहे की नाही हे ठाऊक नसलं, की तिच्याकडे जायलाही जास्त वेळ लावत.

चेंडूसाठी

पोलीस म्हटलं की आपल्याला कडक शिस्त आठवते. म्हणून श्वानपथकातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडे मी गेले. मुंबईच्या 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी गाजलेल्या झंजीर या लॅब्रॅडॉरबद्दल बोलताना त्यांचा आवाज आजही बदलतो. घरी आता त्यांची स्वतःची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. तिची पाच महिन्यांची असल्यापासूनची तालीम त्यांनी अंगणात करून दाखवली.

झाकणाला भोकं पाडलेले सहा डबे ओळीत मांडले. एकात लवंगा बांधलेली चिंधी, बाकीचे रिकामे. “शोध,” एवढंच ते म्हणाले. कुत्री पहिल्या डब्यावरून नाक फिरवत गेली, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी तिची मान परत वळली, श्वास भराभर झाला, आणि ती डब्यासमोर खाली बसली. भुंकणं नाही, पंजानं उकरणं नाही. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यानं वस्तूला हात लावायचा नसतो, बसून सांगायचं असतं. ती बसल्याक्षणी हवालदारकाकांनी “शाब्बास!” म्हणत खिशातला चेंडू फेकला. पुढची दोन मिनिटं काका आणि कुत्री चेंडू ओढत अंगणभर खेळत होते.

“तिला लवंगेचं काय पडलंय?” ते म्हणाले. “वास सापडला की चेंडू मिळतो, हे तिला ठाऊक आहे. आमच्या वेळी मारणारेही होते. मारून कुत्रं बसतं, पण वास सांगत नाही. चुकलो तर मार बसेल, अशी भीती बसली की ते अंदाज घ्यायचंच सोडतं.”

त्यांच्या “शाब्बास”मध्ये एक शास्त्र आहे. बी. एफ. स्किनर यांच्या हाताखाली शिकलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी 1940 च्या दशकात प्राण्यांना शिकवताना एक खूणआवाज वापरायला सुरुवात केली. बरोबर कृती झाली त्याच क्षणी आवाज, आणि मागून बक्षीस. हवाईमध्ये डॉल्फिनना शिट्टीनं शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी 1984 च्या पुस्तकातून ही पद्धत कुत्र्यांच्या मालकांपर्यंत नेली. आज दुकानात मिळणारा टिकटिक वाजणारा क्लिकर तिथूनच आला. क्लिकर नसला तरी बिघडत नाही. शब्द एकच हवा आणि वेळ अचूक हवी. पिल्लू बसलं, उठलं, शेपूट हलवत जवळ आलं आणि मग बिस्किट मिळालं, तर ते बसणं शिकत नाही, उठून येणं शिकतं.

एका घरात चार गुरू

कोथरूडमधल्या एका घरी रस्त्यावरून आणलेलं देशी पिल्लू आहे, बुंदी. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या पिल्लांच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा सहा-सात महिन्यांपर्यंत पाचांतलं जेमतेम एक जगलं होतं आणि बहुतेक मृत्यूंना माणूस कारण होता. बुंदी वाचली. पण घरात आल्यावर तिची पंचाईत झाली. बाबा तिला ‘सिट’ म्हणत, नात ‘डाऊन’, आजी ‘बस गं बाई’. सोफ्यावर चढली की आई खाली उतरवायची आणि बाबा रात्री सामना बघताना मांडीवर घ्यायचे. जेवताना आजी ताटातली पोळी टाकायची. “आजी, तू नको ना देऊस,” असं नात रोज म्हणायची, आणि आजीला ते मनाला लागायचं.

खाऊच्या पद्धतीवर माझा आक्षेप असेल तर इथं आहे. तिचा पुरस्कार करणारे पुष्कळ लोक ‘प्रेमानं सगळं होतं’ म्हणून थांबतात. प्रेमानं होत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागल्यानं होतं, आणि चूक करायची संधीच पिल्लाला न दिल्यानं होतं. चपला दारात पडलेल्या असतील, तर पिल्लू चपला चावणारच. त्या कपाटात ठेवणं हा शिकवणीचा भाग आहे. नियम नसलेलं, खाऊनं लठ्ठ झालेलं, पाहुण्यांवर उड्या मारणारं कुत्रंही सुखात नसतं. शेवटी तेही बाल्कनीत बांधलं जातं.

बुंदीच्या घरानं तोडगा काढला तो मला फार आवडला. आजीचं पोळी देणं बंद केलं नाही. आजीच तिची मुख्य गुरू झाली. जेवणघराच्या कोपऱ्यात एक जुनी सतरंजी टाकली. बुंदी तिच्यावर बसलेली असेल, तरच आजीनं तुकडा द्यायचा, आणि तोही सतरंजीवर नेऊन. शब्द सगळ्यांनी एकच, ‘बस’. मी गेले त्या दुपारी आजींनी ताट घेतलं आणि बुंदी कुणी न सांगता सतरंजीवर जाऊन बसली. टक लावून बघत होती, पण हलली नाही.

शी-शूचंही असंच. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही. झोपून उठलं, खाल्लं किंवा खेळून थांबलं की त्याला लगेच लागते. त्या तीन वेळा उचलून ठरलेल्या जागी न्यायचं आणि तिथं केलं की तिथल्या तिथं कौतुक करायचं. घरात झालेल्या ओल्या जागेवर नाक घासण्याचा रिवाज आपल्याकडे अजून आहे. तासापूर्वीच्या कृतीशी ती शिक्षा पिल्लाला जोडता येत नाही. “बघा, कसं अपराधी तोंड करतंय” असं आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली दाखवलं की ते तोंड कुत्र्यानं चूक केली म्हणून होत नाही, मालक रागावला म्हणून होतं. काही न केलेल्या कुत्र्यालाही रागावलं, तरी तोंड तसंच होतं.

आणि चावणं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात, हिरड्या शिवशिवतात. त्याआधीही पिल्लू तोंडानंच जग चाचपतं. हात चावला की खेळ थांबवायचा, उठून जायचं, अर्ध्या मिनिटानं परत यायचं. गार ओलं फडकं चघळायला द्यायचं. संध्याकाळी पिल्लू अंगात आल्यासारखं चावत सुटलं, तर बहुतेक वेळा त्याला झोप हवी असते. या वयात दिवसाचे अठरा तास झोप लागते, आणि मुलांच्या घरात ती मिळत नाही.

फटाक्यांच्या आधी

हा अंक तुमच्या हातात पडेल, तेव्हा दिवाळी दारात असेल. पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं याच सुमारास त्या नाजूक आठवड्यांत असतात. जवळ फुटलेला एक सुतळी बॉम्ब जन्मभराची भीती देऊ शकतो. म्हणून आतापासून मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावून पिल्लाला जेवायला घाला. ते निवांत खात असेल, तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत फिरवून आणा, आतली खोली द्या, खिडक्या-पडदे लावा, पंखा चालू ठेवा. घाबरून मांडीत शिरलं, तर घ्या. जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही.

पाडव्याला, भाऊबीजेला पिल्लू भेट देण्याची नवी पद्धत पडली आहे. कृपा करून ते देऊ नका. ज्याला हवं आहे त्यानं स्वतः जावं, आईसोबत पिल्लू बघावं, आई माणसाशी कशी वागते ते बघावं. विकणारा आई दाखवत नसेल, तर परत फिरावं. आठ आठवडे झाल्याशिवाय घरी आणू नये. आणल्यावर पहिल्या पंधरवड्यात घरातलं कुणीतरी सतत जवळ राहील, अशी सोय करावी. ती होत नसेल, तर यंदा आणू नये. ट्रेनर लावायचा असेल, तर आधी त्याची शिकवणी एक तास बघावी, कुत्र्यांच्या शेपट्या आणि कान बघावेत, आणि सरळ विचारावं, “माझं पिल्लू चुकलं तर तुम्ही काय कराल?” उत्तर पटलं नाही, तर पिल्लू त्याच्या हाती देऊ नका.